भवानीचा क्यूब

गेल्या महिन्यात मी नाशिकला क्यूबच्या स्पर्धेला जाऊन आले. मुलीला घेऊन नाही, स्वतः खेळायला!

चांदवडला आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगी मनाली नाशिकला कॉलेजात गेली आणि तिचा जुना क्यूब गल्ल्याशेजारी पडून राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मोबाईलवर बघून बघून, चुकत माकत शिकले. मग एक दिवस स्पर्धेची वेबसाइट उघडली, तर वयाची अट कुठेच दिसेना. भरलं नाव. जागा भराभर संपतात, त्यामुळे नोंदणी सुरू होते त्या वेळी फोन हातातच ठेवा. फी म्हणाल तर एका बऱ्या ड्रेसच्या शिलाईएवढी.

"पोरं हसतील," हे म्हणाले.

"हसू देत. तुम्ही रोज हसताच की!"

माझी इच्छा एवढीच होती की पाचही डाव खेळायचे. नियम असा, की पहिल्या दोनांपैकी एक तरी डाव दीड मिनिटाच्या आत सुटला, तरच पुढचे तीन मिळतात. नाही तर गाशा गुंडाळा. लग्नाच्या रजिस्टरनंतर मी माझ्या मर्जीने नाव घातलं ते इथेच, म्हणून ते अर्धवट राहायला नको होतं.

सकाळची लाल परी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे हात आखडायचं कारण नाही. पिंपळगावपर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर आडवे, पुढे द्राक्षबागा. मी सराव करत होते, तर शेजारच्या आजी वाकून बघायला लागल्या.

"काय हाय गं ते?"

"आजी, रंग जुळवायचे."

"आत्ता तर जुळले व्हते. मंग इस्कटले कशाला?"

मी ते परत जुळवायला घेतले.

नाशिकला द्वारका चौकात मनाली न्यायला आली. आधी मिसळ खाल्ली, सोबत पापड आणि दही. पण जपून खा, तर्री बोटांना लागली की क्यूब निसटतो. तिथून रिक्षाने गंगापूर रोडच्या हॉलवर. आत नुसता खडखडाट, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. माझ्या गुडघ्याएवढी पोरं डोळ्याचं पातं लवायच्या आत क्यूब सोडवत होती. मला खरंच वाटलं, आल्या पावली परत जावं.

माझं नाव पुकारलं. समोर पंच म्हणून एक कॉलेजची मुलगी. क्यूब बघून घेतला, सोडवला, टायमरवर हात आपटले. एक मिनिट एकोणतीस! आणि आनंदाच्या भरात मी क्यूब उचलून कपाळाला लावला.

आता दुकानदाराच्या बायकोला हे सांगायला नको. सकाळची भवानी झाली, की पहिली नोट कपाळाला लावायची. हाताला तीच सवय.

"काकू," पंच मुलगी बिचारी कसनुशी झाली, "मी तपासेपर्यंत हात नाही लावायचा. दोन सेकंद वाढणार."

एक एकतीस. माझे डोळेच भरून आले. मनाली आधी पोट धरून हसली, मग जवळ येऊन म्हणाली, "आई, झालं की हात सरळ मांडीखाली घाल."

दुसऱ्या डावात मधेच बोटं अडखळली. एकदा तर पुढचं काही आठवेना. तरी सोडवला, टायमर थांबवला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. मुलीने वाकून क्यूब चहूबाजूंनी पाहिला. एक सव्वीस.

"ओके काकू. आता लावा कपाळाला."

मी लावला! पुढचे तीन डाव खेळले, निकालात शेवटून दुसरी आले, आणि मनाली सोडली तर कुणीही हसलं नाही. परतीच्या बसमध्ये मनालीने दिलेली द्राक्षं मी एकटीनेच संपवली.

तुमच्या घरी एखादा क्यूब पडून असेल तर नाव नोंदवा. वय आड येत नाही, सवयी येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. एका शाळकरी मुलीने पेन घेतलं आणि वीसची नोट काउंटरवर ठेवली. मी दोन्ही हात मागे घेऊन तशीच उभी.

"काकू, घ्या ना," ती म्हणाली.

मी नोट उचलली, कपाळाला लावली. दोन सेकंद कुणी वाढवले नाहीत.