मांडीवरचं उसनं लेकरू

विसाव्या वर्षापर्यंत मी लातूरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात जात होते, आणि शेवटच्या वर्षी दर वेळी वहिनीचं तान्हं लेकरू मांडीवर घेऊन बसत होते. लेकराला काही झालेलं नसायचं. झालेलं मला होतं. नवव्या वर्षी मला शुगर निघाली. म्हातारपणी होते ती नव्हे, शरीरात इन्सुलिन तयार व्हायचंच बंद होतं ती. तेव्हापासून जेवणाआधी सुई. पण चाकूरला आमचं किराणा दुकान, लिंगायत समाजात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ऊठबस, आणि मी लग्नाच्या वयाला आलेली. दवाखान्यात ओळखीचं कुणी भेटलंच तर दाखवायला एक आजारी बाळ हवं, हा आईचा शोध.

भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेल्या त्या खोलीत शेजारची बाई विचारायचीच, “लेकराला काय झालंय?” आई म्हणायची, “खोकला हाय.” लेकरू गुटगुटीत, सगळ्यांकडं बघून हसणारं. एकदा औशाच्या एका बाईनं मलाच विचारलं, “पैलंच का गं तुझं?” मी आईकडं पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. लग्नाआधीच मला लेकुरवाळी ठरवलेलं तिला चाललं, शुगर मात्र नको. एसटीत परत येताना मी रागानं तिच्याकडं पाठ करून बसले, आणि ते लेकरू तेवढ्यात माझ्या ओढणीवर मुतलं.

मॅडमना, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाईंना, हे नाटक दिसत होतं. त्या लेकराचे गाल ओढायच्या आणि गप्प बसायच्या. मी सोळा वर्षांची झाले तेव्हाच, या नाटकाच्या आधी, त्यांनी एक नवीन रीत पाडली होती. तपासताना आईला बाहेर बसवायचं. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, “सकाळी किती युनिट घेतेस?” मी दाराकडं बघायला लागले. सुई आई लावायची, आकडा आईच्या डोक्यात असायचा.

“दाराला काय विचारतेस?” मॅडम म्हणाल्या. “दाराला शुगर नाही.”

मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. पुढं मात्र दर भेटीत त्या मला काही ना काही शिकवत गेल्या. भाकरीला किती, भाताला किती. हातपाय थरथरले तर आधी साखर तोंडात टाकायची, मग तपासायचं. ताप आला, जेवण गेलं नाही, म्हणून सुई मनानंच बंद करायची नाही. मी घरी येऊन सुई स्वतःच्या हातानं घ्यायला लागले, तेव्हा आईचं तोंड उतरलं. तिच्या हातून काहीतरी काढून घेतल्यासारखं तिला वाटलं असावं. वाटू दे, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

वीस संपत आलं तेव्हा मॅडमनी आईलाही आत बोलावलं. “पुढच्या वेळी नांदेडला जायचं,” त्या म्हणाल्या. “मोठ्यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडं. मी त्यांच्याशी बोलले आहे. हिला भरती करायची वेळ आली तर लहान मुलांच्या वॉर्डात घेता येणार नाही. आणि आता हिचे प्रश्न वेगळे आहेत. डोळे, किडनी, उद्या बाळंतपण.”

बाळंतपण म्हटल्याबरोबर आई उठून उभी राहिली. “मॅडम, लग्न होईस्तवर तरी तुमीच बघा की. त्या डॉक्टरच्या पाटीवर मधुमेह म्हणून लिवलेलं असतंय. पाटीखाली बसलं की सोयरीक जमली म्हणायची का?”

“आणि लग्न झाल्यावर?”

“मग सांगू की हळूहळू.”

मॅडम माझ्याकडं वळल्या. “सासरी इन्सुलिन कुठं ठेवशील? फ्रीज सासूचा. मग ट्रंकेत, साड्यांच्या खाली? मे महिन्यात?”

आमच्याकडं मे महिन्यात ट्रंकेच्या कडीला हात लावला तर चटका बसतो. त्या उष्णतेत औषधाचं पाणी होणार, आणि मी लपून छपून ते पाणी टोचून घेणार. मी मेले असते. बारावीच्या वर्षी मामाच्या गावी लग्नात पाहुण्यांसमोर सुई काढायची नाही असं आईनं बजावलं होतं, आणि मी ती घेतलीच नाही. परत आले ती ओकत ओकत, धाप लागलेली, आणि तिथून थेट आयसीयूत. हे आईला माहीत होतं. तरी तिला सोयरिकीची काळजी जास्त होती. आईच्या मायेवर मी शंका घेत नाही, पण त्या मायेनं मी एकदा मरता मरता वाचलेय.

नांदेडला अप्पा आले सोबत. तिकडं आपल्याला कोण ओळखतंय, एवढ्याच हिशेबानं ते तयार झाले होते. पाटी खरंच मोठी होती, लाल अक्षरांची. आत धोतर-टोपीवाले म्हातारे, सुजलेल्या पायांच्या आज्या, आणि मधोमध मी. डॉक्टरांनी मला स्टुलावर बसवलं आणि अप्पांना विचारलं, “कधीपासून आहे शुगर?”

“झाली दहा-अकरा वर्षं,” अप्पा म्हणाले.

“जेवण वेळेवर असतं का?”

“हाव.”

“लग्न?”

“बघायलोत.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “सर, अप्पांना शुगर न्हाई,” मी म्हणाले. “मला हाय. मला इचारा.”

अप्पा चपापले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडं वळवली आणि तोंडी परीक्षा घ्यावी तसं एकेक विचारत गेले. सगळं मला येत होतं. शेवटी ते म्हणाले, “पुढच्या वेळी एकटी आलीस तरी चालेल.” ते अप्पांना अजिबात आवडलं नाही. बसनं लोहा मागं टाकलं. मग ते म्हणाले, “माझ्यासमोर असं बोलायचं असतंय का?” मी म्हणाले, “तुमच्यासमोर न्हाई तर कुणासमोर बोलू?”

त्याच उन्हाळ्यात धर्माबादहून पाहुणे मला बघायला आले. अडतीचा व्यापार, एकुलता मुलगा. आईनं सकाळीच बजावलं, “सुई आत जाऊन घी. कुणाला कळाया नको.”

जेवणाच्या आधी अप्पा आणि मुलाचे वडील लिंगपूजेला बसले. आमच्या घरात हे रोजचं. कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, आणि ती पूजा झाल्याशिवाय अप्पा घास घेत नाहीत. ताट वाढलेलं असलं तरी सगळं घर थांबतं. त्या दिवशीही थांबलं. पुरणपोळी गार झाली, पण कुणाची तक्रार नव्हती. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला इतकं साधं काहीतरी दिसलं की हे आधी का दिसलं नाही असं झालं.

पूजा आटोपली. मुलाची आई मला म्हणाली, “पोरी, तू बी बस आमच्यासंगं.” मी आत गेले, फ्रीजमधून इन्सुलिनचं पेन, म्हणजे माझी सुई, घेतलं आणि बाहेर येऊन पाटावर बसले. आई सारखी डोळ्यांनी खुणावत होती.

“मला ल्हानपणापासून शुगर हाय,” मी मुलाच्या वडिलांना म्हणाले. “तुमी आन् अप्पा पूजा केल्याबिगर घास घेत न्हाईत, आन् ती कुणी लपून करत न्हाई. माझंबी तसंच हाय. सुई घेतल्याबिगर मी घास घेत न्हाई. आतल्या खोलीत जाऊन घेणार न्हाई. इथं न्हाई आन् तुमच्या घरीबी न्हाई.”

बाही वर सारली आणि दंडात सुई घेतली. सुई नीट बसली. मग मी पोळी मोडली आणि जेवले. पाहुणेही जेवले, खाली माना घालून, भराभर. मुलानं एकदाच माझ्या पाटाशेजारच्या पेनाकडं बघितलं, त्याला विचारायचं होतं काहीतरी, पण त्याच्या आईनं त्याच्या पानात भात वाढला.

निरोप मध्यस्थाकडून आला. शुगरचं नावही नव्हतं त्यात. पोरगी लई तोंडाळ हाय, एवढंच. मला हसू आलं आणि आईला रडू. गावभर झालं, आता तुला कोण करून घेणार, म्हणत ती दोन दिवस पदर डोळ्यांना लावून होती. गावभर झालंच होतं. दुकानात येणाऱ्या बायका मला गोड खाऊ नको म्हणून सांगायला लागल्या. मी त्यांना पेढा मागायची.

अप्पा मात्र माझ्याशी बोलत नव्हते. अपमान त्यांच्या पूजेचा झाला की त्यांचा, हे त्यांनाही ठरवता येत नसावं. मग एका दुपारी त्यांची पूजा झाली, ताट समोर होतं, आणि ते हात न लावता तसेच बसून राहिले. भाजीत काही पडलंय का म्हणून आईनं वाकून बघितलं. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, “तुझी झाली का?”

मी सुई घेतली. मग आम्ही दोघं जेवलो. मी रडत रडत जेवले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढच्या नांदेडच्या खेपेला आई म्हणाली, मी येते. निघताना वहिनीच्या लेकराकडं तिची नजर गेली. ते आता अंगणभर पळत होतं, कुणाच्या मांडीवर बसायला तयार नव्हतं. आम्ही दोघीच गेलो. त्या लाल पाटीखालच्या बाकावर शेजारच्या आजीनं आईला विचारलं, “कुणाला घिऊन आलात, बाई?”

आईनं सवयीनं माझ्या मांडीकडं पाहिलं. मांडीवर फक्त माझी पर्स होती.

“मला,” मी म्हणाले. “शुगर मला हाय.”

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं. आई उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि आत गेले.