माळावरची आग माझ्या शेतातून गेली

ग्रुपवरच्या सगळ्यांना एक सांगायचंय. आज सकाळी आपला माळ पेटला, ती आग माझ्या शेतातून गेली.

गव्हाचं काड मी पेटवलं होतं. काड जाळू नका, जमिनीत कुजवा, असं ग्रामसभेत तुम्हाला सांगणारा मीच. काड मातीत मिसळणारा रोटाव्हेटर मिळायला चार दिवस लागणार होते, तेवढा धीर मला धरवला नाही. वारा फिरला आणि आग बांध ओलांडून गेली.

चराई बंद ठेवून आपण सगळ्यांनी तिथं गवत वाढवलं होतं, कडुलिंब लावले होते. ओल्या फांद्यांनी झोडून आग विझवली, पण अर्धा माळ गेला.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, "रफिकभाईच्या बिडीनं लागली आसंल."

खरं तर शेळ्या ओढ्यात सोडून रफिकभाईच सगळ्यांच्या आधी धावत आले होते. ते खाली मान घालून गप्प राहिले. मीही गप्प राहिलो.

दुपारी त्यांच्या घरी जाऊन खरं सांगितलं.

ते म्हणाले, "मला ठाऊक हाय. तुमच्या शेतातून धूर निघताना मी बघितला हुता."

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल आसं वाटलं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

म्हणून इथं लिहितोय. रफिकभाईंचा यात काही दोष नाही. होरपळलेल्या रोपांना पाणी घालायला मी उद्या सकाळी माळावर जातोय. तुम्हाला सोबत बोलवायचा हक्क मला उरलाय का, ते तुम्हीच सांगा.