दोन झुडपं, एक नाव

निवृत्तीआधी एका तरी नव्या वनस्पतीचं वर्णन आपल्या हातून व्हावं, एवढीच माझी हाव होती. मिळाल्या दोन. अकोले तालुक्यातल्या डोंगरात, ओढ्याकाठच्या दाट जंगलात, मे महिन्यात अरुंद पानांचं एक झुडूप फुलांनी लगडलेलं सापडलं. पावसाळा संपता संपता थोडं वर रुंद पानांचं दुसरं दिसलं, फळं धरलेलं. दोन्ही कुठल्याच पुस्तकात बसेनात. मी हवेत होतो. केडगावला घरी येताच नावंही ठरवून टाकली: पहिलं माझ्या दिवंगत सरांचं, दुसरं बायकोचं.

यात तिच्यावर उपकार नव्हते. तीस वर्षं तिनं माझा पसारा सोसला होता. कागदांत दाबलेल्या फांद्यांना बुरशी धरू नये म्हणून ओलसर वर्तमानपत्रं रोज बदलावी लागतात, आणि मी कॉलेजात असलो की हे काम तिच्याच गळ्यात पडायचं. झुडूपच का, चांगला मोठा वृक्ष का नाही, असं तिनं मला चिडवलं. मग लॅटिनमध्ये आपलं नाव कसं लिहितात, ते दोनदा विचारलं.

वर्णन पुरं करायला दुसऱ्या झुडपाची फुलं हवी होती. पुढच्या मेमध्ये मी पुन्हा गेलो. तिथं शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी काय शोधताय म्हणून विचारलं. मी ऐटीत दोन्ही नव्या जाती दाखवल्या.

"सर, हे येगळं न्हाई," त्या म्हणाल्या. "खालचा नर हाय, ही मादी. पपईवानी. नराला फळ कसं धरंल?"

पपईची नर आणि मादी झाडं मी तीस वर्षं फळ्यावर काढत आलो होतो. भिंग लावून रुंद पानांच्या झुडपाची फुलं पाहिली. परागाचा कण नव्हता. खालच्या फुलांत नुसते पुंकेसर. मी तिथंच खडकावर बसलो. पानांच्या फरकावर भाळून मी नवराबायकोच्या दोन जाती केल्या होत्या.

घरी सगळं सांगितलं. आता जात एकच, म्हणजे नावही एकच.

"सरांचंच ठेवा," ती म्हणाली.

मी लगेच बरं म्हणालो. एकदा तरी नको म्हणायला हवं होतं, हे ती उठून आत गेल्यावर कळलं. सुटलो असं वाटलं होतं, त्याची लाज वाटली. तरी मागून आत गेलो नाही.

लेख छापून आला. तिनं चष्मा लावून तो पहिल्या पानापासून वाचला, त्यातलं फारसं काही कळत नसताना. शेवटी आभार होते, आधी त्या बाईंचे, मग तिचे. मी तिच्या नावावर बोट ठेवून दाखवलं.

"दिसलं," ती म्हणाली.