हळदीच्या मांडवात धुतलेलं तोंड

अन्याय झाला तो आमच्या गायकावर. कधी? या वैशाखात, दिंडोरीजवळच्या एका हळदीत, नवरीला हळद लावून झाल्यावर आणि आमचं पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी. त्याला तोंड धुवायला लावलं.

आम्ही नाशिकचा ग्लॅम रॉक बँड. म्हणजे कर्कश गिटार, उंच टाचांचे बूट, चकाकणारे कपडे आणि पोरांच्याही डोळ्यांत काजळ, गालांवर चमकी. गायक सातपूरच्या कारखान्यात लेथवर काम करतो. मी बेस गिटार वाजवते, उरलेल्या वेळात मोर्चांची पत्रकं लिहिते. आमची लांबलचक गाणी ऐकायला आमचेच मित्र यायचे, तेही चहा पाजला तर. म्हणून गेल्या वर्षी ठरवलं, हळदीची गाणी करायची. गिटारचे लांब तुकडे कापले, खाली संबळाचा ठेका घातला.

"विकले गेलात," मित्र म्हणाले.

"चाल बदलू, तोंड नाही बदलणार," गायक म्हणाला. तेवढी एकच अट होती आमची, स्वतःशीच घातलेली.

तीच मोडायला नवरीचे मामा स्टेजमागे आले. बुकिंग त्यांचं.

"वाजवा हो, लय भारी वाजवा. पण ह्याला तोंड धुवायला सांगा. बाप्या माणसानं काजळ घालायचं? पाव्हणे काय म्हणतील?"

मी भांडायलाच निघाले होते. गायकाने माझा हात दाबला आणि तो पाण्याच्या टाकीकडे गेला. काजळ निघालं नाही, गालभर पसरलं. बाहीने पुसून तो तसाच माईकपाशी आला. गायला, पण खाली बघून. मांडवातलं कुणी नाचायला उठेना. त्याला असं गाताना मी कधी ऐकलं नव्हतं, पुन्हा ऐकायचंही नाही.

दुसऱ्या गाण्याच्या मध्येच नवरीची आत्या हळदीची वाटी घेऊन स्टेजवर चढली. मांडवात आत्याचा मान मोठा, तिला कोण अडवणार?

"कोरं तोंड घेऊन मांडवात कोण उभं हाय रे?" तिने थेट माईकमध्ये विचारलं. "आमच्यात चालत नाय असं!"

आणि दोन्ही तळहातांनी तिने त्याचे गाल पिवळे केले. मामा धावत आले.

"अहो आत्याबाई, आत्ताच धुवायला लावलंय त्याला!"

"मामा, आरसा बघितला का? कानापर्यंत पिवळे झालात. वर भावजयीनं कुंकवाच्या मिशा काढल्यात तुम्हाला. आधी तुम्ही धुऊन या, मग ह्या पोराला सांगा!"

मामांनी ओठावर बोट फिरवलं, बोट लाल झालं. अख्खा मांडव खदखदून हसला.

गायकाने मान वर केली. "काजळ आहे का कुणाकडे?" नवरीने स्वतःचं पाठवलं. त्याने ते सगळ्यांसमोर डोळ्यांत घातलं. मी चमकीची डबी उघडली, तर पहिलं बोट आत्याचं. मग आमच्या गिटारवाल्याने कापून टाकलेला तो लांब तुकडा ठेक्यावर परत चढवला. कुणी बसलं नाही. मामाही नाचले, मिशांसकट. मित्रांनो, चहा न पाजता एवढी माणसं आमच्या गिटारवर नाचली, विकले गेलात म्हणताना हे लक्षात ठेवा.

तुमच्या घरी हळद असेल तर बोलवा. ठेका तुमच्या आवडीचा ठेवू. पण आमच्या पोराला तोंड धुवायला सांगायचं नाही. आणि दुसरं कुणी सांगत असेल, तर वाटी घ्या आणि तुम्ही स्टेजवर चढा.