बुरशीला माझं नाव
फेन्ना हूकेमा काचेच्या बशीचं झाकण उचलायची, हुंगायची आणि सांगायची, "ओल्या मातीचा वास. ही सफरचंद सडवणारी." मी दोन तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तेच सांगायचे. पदवी माझ्याकडे, ती फ्रीसलंडच्या गवळ्याची पोर, काचा धुवायला आलेली! तरी युट्रेक्टच्या आमच्या बुरशी-संग्रहात कुणाचं अडलं की एकच, "फेन्नाला विचारा." माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मला एवढंच हवं होतं, एखाद्या बुरशीला माझं नाव. आपण शोधलेल्या जातीला आपलंच नाव देणं आमच्यात निर्लज्जपणाचं. ते दुसऱ्याने द्यायचं. चौदा वर्षं वाट पाहिली. आणि आमच्या मुख्य डॉक्टर टेरविस्गांनी, चीजच्या तळघरात फेन्नाला मिळालेल्या नव्या बुरशीला नाव दिलं फेन्नाचं! रिवाजाप्रमाणे केक तिनेच आणला. माझ्या घशाखाली उतरेना.

मग मी संग्रहातल्या, बुरश्या जपून ठेवलेल्या जुन्या नळ्या उपसायला घेतल्या. तीन महिन्यांनी एक सापडली, फेन्नाच्या बुरशीसारखीच, पण चाळीस वर्षांपूर्वीच दुसरं नाव मिळालेली. दोन्ही बुरश्या एकाच माल्टच्या जेलीवर, एकाच उबेत, सात दिवस वाढवल्या. वरून तोच राखाडी हिरवा, बशी उलटी केली तर तोच विटकरी. बीजाणूसुद्धा तेच. आधीचं नाव तेच खरं, म्हणजे फेन्नाचं बाद!

कॉफीच्या वेळी मी दोन्ही बश्या टेबलावर आदळल्या. फेन्नाने निरखून पाहिलं, हुंगलं.

"बरोबर आहे गं तुझं, आलेट्टा. माझी नजर चुकली कशी?"

"चुकणारच. स्वतःचं नाक म्हणजे देवाचं नाक वाटतं ना तुला!"

"नाक राहू दे, बिस्किट घे."

रडेल असं वाटलं होतं. उलट माझाच हिरमोड झाला.

पुढच्या वर्षी तिला लेवार्डनच्या एका घरात, भिंतीच्या कागदामागे, खरोखरची नवी बुरशी मिळाली. वर्णन तिनेच लिहिलं, डॉक्टरांनी फक्त लॅटिन तपासलं. आणि नाव ठेवलं माझं.

"तुझ्याइतकं चिवट कोणी नाही, म्हणून," ती म्हणाली. "आता तरी हास की, मेले!"

टाळ्या पडल्या. मी तिच्या गळ्यात पडले, अगदी हुंदके देऊन रडले.

नळीवरची चिठ्ठी लिहायला मीच बसले. जातीच्या नावापुढे, ते ठेवणाऱ्याचं आडनाव लिहायचं, असा आमचा नियम. ते कायमचं. मी माझं नाव सुंदर अक्षरात काढलं, आणि हात थांबला. पुढे लिहायचं होतं हूकेमा. जगात कुठेही, मी मेल्यावरही, माझ्या नावापुढे हूकेमा. जन्मभर लग्न केलं नाही, कुणाचं आडनाव लावून घेतलं नाही मी. आणि लागलं ते हिचं!