दोन इंजिनं कशाला?

आमच्या ऑफिसात फाइल अडली की ती पिल्लं घालते. प्रत्येक टेबलावर एक किस्सा! बोटीच्या इंजिनांच्या फाइलने तर सव्वा वर्षात एवढी प्रजा वाढवली, की आता मैत्रिणी चहा ओततानाच विचारतात, "तुझ्या इंजिनाचं काय झालं?"

ऑफिस दिल्लीत, कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागे. काम मात्र समुद्राचं, पाण्याची खोली मोजायचं. त्यासाठी कोकणात आमची एक छोटी बोट आहे. तिच्यावर चार माणसं आणि मागे लटकवलेलं एकच म्हातारं आउटबोर्ड इंजिन. किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर ते वर्षात दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा मच्छीमारांनी बोट ओढून आणली. तिसऱ्या वेळी आसपास मच्छीमार नसले तर? हा प्रश्न दिल्लीत फक्त मला छळायचा. अर्थात मला काळजीला निमित्त लागत नाही. घरी तीन वर्षांची मुलगी आहे.

*

फाइल माझ्याकडे आली कशी, ते आधी ऐका. मी ऑफिसात नवी. स्टोअरचे चड्ढाजी म्हणाले, "मॅडम, आप महाराष्ट्र की हैं. समंदर तो घर के सामने होगा!"

माझं माहेर सोलापूर. घरासमोर पिठाची गिरणी. पण एवढ्या कौतुकाने विचारणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? "जी, पास ही है," मी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत मी ऑफिसची समुद्रतज्ज्ञ झाले होते!

*

तज्ज्ञ झाल्यावर मी खरंच अभ्यास केला. बोटीवरच्या दादू तांडेलना, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांना, रोज फोन. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "ताई, इंजिन कुठलं पण द्या, पण असं द्या की ज्याचा पार्ट रत्नागिरीत मिळंल. आणि एक नको, दोन द्या. एक मेलं तर दुसऱ्यावर घरी येऊ."

मी तेच शुद्ध भाषेत लिहून फाइल फायनान्सच्या सक्सेनासाहेबांकडे पाठवली. त्यांनी बोलावलं.

"मॅडम, गाडी में कितने इंजन होते हैं?"

"एक, सर."

"तो नाव में दो क्यों?"

"सर, गाडी बंद पडली तर उतरून ढकलता येते." हे मी हिंदीत म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं! दुसऱ्या दिवशी फाइलवर शेरा आला : 'बोटीत वल्ही आहेत किंवा कसे? असल्यास दुसऱ्या इंजिनाची गरज स्पष्ट करावी.'

*

मग दांड्याचं प्रकरण. आउटबोर्डचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळावा लागतो. आखूड असला तर लाटेवर पंखा पाण्याबाहेर येऊन नुसता भणभणतो. चड्ढाजींचं मत : "थोडा छोटा आ गया तो पॅकिंग लगा लेंगे."

मी तांडेलना फळी मोजायला सांगितली. ते म्हणाले, "अडीच वीत आणि दोन बोटं." मी बावळटासारखं तेच फाइलवर लिहिलं. सक्सेनासाहेबांचा शेरा : 'कोणाची वीत?'

प्रश्न बरोबरच होता हो! तांडेलनी मग फळीच्या मापाची सुतळी कापून स्पीड पोस्टाने पाठवली. मी लंचला गेले असताना पाकीट आलं. परत येऊन बघते तर पाकीट फोडलेलं, सुतळी गायब.

"चड्ढाजी, यातली दोरी कुठाय?"

"अच्छी डोरी थी मॅडम," चड्ढाजी खुशीत म्हणाले. "आपकी फाइल खुल रही थी, बांध दी. जो ज्यादा थी, वो काट दी."

*

ट्रायलही झाली! दिल्लीत समुद्र कुठला? ऑफिसच्या मागच्या अंगणात पाण्याने भरलेलं पिंप ठेवलं, कंपनीच्या माणसाने कडेला इंजिन अडकवलं आणि सुरू केलं. मिनिटभरात पिंप रिकामं. सगळं पाणी समोर उभ्या चड्ढाजींवर. जानेवारीचा महिना!

चड्ढाजींनी थरथरत अहवाल लिहिला : 'इंजन में दम है.'

*

एवढं होऊनही दुसरं इंजिन अडलेलंच. एकदा पाळणाघराला सुट्टी होती म्हणून मुलीला ऑफिसात आणलं होतं. तिच्या पिशवीत दोन पाण्याच्या बाटल्या, दोन स्वेटर, तापाच्या औषधाच्यासुद्धा दोन बाटल्या. सक्सेनासाहेबांनी ती पिशवी बघितली आणि हसले.

"अब समझा. मॅडम, ये टेक्निकल नहीं, ममता का मामला है!"

सगळे हसले. मीही हसले. पण घरी जाताना सरोजिनी नगरपर्यंत तेच डोक्यात. खरंच, दोन इंजिनं समुद्राला लागतात की मला? ती चार माणसं बिचारी माझ्या भित्रेपणामुळे तर अडकली नाहीत ना? एकच मागितलं असतं तर एव्हाना मिळालंही असतं.

"मम्मा, चलो ना यार," मुलगी म्हणाली.

*

शेवटी सक्सेनासाहेब म्हणाले, "मैं खुद जाकर देखूंगा." आणि खरंच कोकणात गेले. मी तांडेलना बजावलं, "साहेबांना लाइफ जॅकेट घाला. फार आत नेऊ नका. इंजिनावर लक्ष ठेवा."

"तुमी नका काळजी करू, ताई."

सोमवारी साहेब परत आले. चहा तसाच ठेवला. चड्ढाजी माझ्या कानाशी आले : "चालीस मिनट! बीच समंदर में इंजन बंद, नाव ऐसे, ऐसे! साहब ने तीन बार उलटी की."

लंचच्या आत फाइल माझ्या टेबलावर. लाँग शाफ्ट, दोन नग. शेरा नाही, शंका नाही. नुसती सही.

मी धावत व्हरांड्यात जाऊन फोन लावला. आनंद बाजूला, आधी भडकलेच. "तिसऱ्यांदा बंद पडलं आणि मला सांगितलं नाहीत? काय झालं होतं इंजिनाला?"



"इंजिनाला?" दादू तांडेल म्हणाले. "कायच नाय. सही झाली का, ते सांगा."