पारूच्या शेजारी

सापगावची वत्सला चाळिशी उलटल्यावर स्वतःला ओळखू लागली. तिच्या भावाची मुलगी भूमिका कल्याणला विशेष मुलांना शिकवायचं शिकत होती. सुट्टीत आल्यावर तिनंच हळूच विचारलं, आत्या, लग्नाहून आलीस की तू दोन दोन दिवस अंधारात का पडून राहतेस? बोलायच्या आधी मनात वाक्य जुळवून का घेतेस? मग ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा ऑटिझम, जन्मापासूनचा. मराठीत स्वमग्नता म्हणतात. वत्सलाला तो शब्द पटला नाही. स्वतःत मग्न राहायला तिला मिळालं होतं कधी? उभा जन्म ती दुसऱ्यांकडे बघत आली होती. कोण कधी हसतं, कुठं मान हलवतं, हे बघून बघून तिनं उचललं होतं आणि त्या उसनवारीवर संसार निभावला होता.

भूमिकानं तिला फोनवरच्या एका गटात घातलं. तिथं तिच्यासारख्याच बाया एकमेकींना लिहायच्या. त्यांतल्या मुरबाडच्या रेश्मानं एकदा सगळ्यांना घरी बोलावलं. पंखा घरघरतो म्हणून तिनं तो बंद ठेवला होता. कुणी बोलत होती, कुणी गप्प होती, एकजण सारखी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. कुणी कुणाला हटकलं नाही. बसल्या बसल्या वत्सलाचा जबडा सैल पडला, तेव्हा तिला कळलं की तो आजवर आवळलेलाच होता. आणि तिला पारू आठवली.

पारू तिच्याच आळीतली, तिच्याच वयाची. लहानपणी दोघी बांधावर बसून एका खाचरातून दुसऱ्यात उतरणारं पाणी बघायच्या. बोलायच्या नाहीत. फक्त पारूला उसनवारी जमली नाही. ती हात फडफडवायची, एकच शब्द घोळवत राहायची. गाव तिला येडी म्हणायचं. एके दिवशी वत्सलाच्या आईनं बजावलं, "तिच्यासंगं बसू नको गो. उद्या तुलापण तसंच म्हणतील."

वत्सलानं ऐकलं. पुढं एका हळदीत बेंजो वाजायला लागला तशी पारू भेदरली आणि गर्दीतून येऊन तिनं वत्सलाचा हात धरला. पोरी फिदीफिदी हसल्या. वत्सलानं हात सोडवून घेतला आणि तीही हसली. थोड्याच वर्षांत पारूला मुरबाडकडच्या एका बिजवराला दिली. पुन्हा भेट नाही.

रेश्माच्या घरून परतल्यावर चार दिवसांनी वत्सला एसटीनं पारूच्या सासरच्या वाडीत गेली. पारूचा नवरा केव्हाच वारला होता. जाऊबाई सकुबाई तिला सांभाळत होती. पडवीत पारू वाल निवडत बसली होती. केस पांढरे झालेले. वत्सला तिच्या शेजारी टेकली.

"पारू, मी वत्सला. सापगावची."

पारूनं वर पाहिलं नाही. वाल निवडता निवडता म्हणाली, "तू हसलीस."

वत्सलानं वाटभर जुळवलेली सगळी वाक्यं गळून पडली. "हां," ती म्हणाली, "हसले."

पारूनं सूप उचललं आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. सकुबाई ओशाळून म्हणाली की ती अशीच आहे, मनावर घेऊ नका. वत्सलाला सांगायचं होतं की तिचं बरोबर आहे.

त्यानंतरही ती जात राहिली. तिच्या सांगण्यावरून सकुबाईनं पारूला लग्नाकार्यात ओढून न्यायचं बंद केलं, एवढं एक झालं. पारू मात्र तिला पाहिलं की उठून आत जायची.

याच उन्हाळ्यात शहापूरला ऑटिझम असलेल्या मुलींच्या आयांची बैठक झाली. भूमिकाच्या आग्रहाखातर वत्सला उभी राहिली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, ते लपवलं नाही. पारूची सगळी हकिगत तिनं सांगितली, स्वतःच्या हसण्यासकट. शेवटी म्हणाली, "तुमच्या पोरीला तिच्यासारखी दुसरी गावली असंल, तर त्यांना तोडू नका. आमाला परत जोडता येत नाय."

मागच्या रांगेतून एक तरुण आई म्हणाली, "पण बाई, लोक नावं ठेवतात."

"ठेवतात," वत्सला म्हणाली. मग ती खाली बसली. बैठक उठल्यावर ती बाई आपल्या मुलीचा हात धरून निघून गेली. तिनं काय ठरवलं ते वत्सलाला कधी समजलं नाही.